पाचामुखी परमेश्वर

घरात चार माणसे असली म्हणजे घराला कारभार लागतो. कणगीत धान्य किती उरले, छपराची डागडुजी केव्हा करावयाची, धाकट्याची पुस्तके आधी घ्यावयाची की आजीचे औषध, असे प्रश्न रोज उभे राहतात. शहाण्या घरात हे प्रश्न एकटा कर्ता पुरुष मनाशीच सोडवीत नाही. रात्री जेवणे झाली की त्यांचा विचार होतो, आणि ज्याच्या हाती पैसा असतो तो जमाखर्च सर्वांना सांगतो. मग काटकसर करावी लागली तरी तिचा सल कोणाच्या मनात राहत नाही.

गाव म्हणजे अशा अनेक घरांचे मिळून झालेले एक मोठे घर होय. विहिरीतील गाळ, रस्त्यावरचा दिवा, शाळेचे गळके छप्पर, उन्हाळ्यात आटणारे पाणी ही कोणा एका घराची कामे नव्हेत. ती सर्वांची आहेत. आणि जे काम सर्वांचे असते ते पुष्कळदा कोणाचेच राहत नाही. सर्वांचे काम सर्वांनी मिळून कसे करावे, हा प्रश्न माणूस गाव करून राहू लागला तेव्हापासूनचा आहे. त्याच्या आजच्या उत्तराला ‘स्थानिक स्वराज्य’ असे नाव आहे.

मराठीत ‘पाचामुखी परमेश्वर’ अशी एक जुनी म्हण आहे. पाच जणांनी एकत्र बसून, विचार करून जे सांगितले, ते देवाचेच बोलणे समजावे, असा तिचा अर्थ. ह्या म्हणीमागे जुन्या गावगाड्याचा अनुभव आहे. शिवकाळात व पेशवाईत वतनाचा किंवा शेताच्या बांधाचा तंटा उभा राहिला म्हणजे गोतसभा बसत असे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार व शेजारच्या गावचे जाणते लोक एकत्र येत. साक्षी होत, जुनी कागदपत्रे पाहिली जात, आणि निवाडा झाला की तो ‘महजर’ नावाच्या कागदावर लिहिला जाई. त्या कागदाखाली उपस्थितांच्या निशाण्या असत. ज्याला अक्षर येत नसे तो कुणबी नांगराची खूण काढी. सुतार आपल्या हत्याराची काढी. निर्णय कोणाच्या साक्षीने झाला, हे त्या खुणांवरून पुढच्या पिढीलाही कळत असे.

तथापि त्या जुन्या सभेचे गुण सांगताना तिचा दोष लपवून चालणार नाही. त्या सभेत सर्वांचे मुख सारखे नव्हते. कोणी कोठे बसावे, कोणी आधी बोलावे आणि कोणी केवळ हात जोडून ऐकावे, हे जातीवरून ठरे. स्त्रियांचा आवाज तर सभेपर्यंत क्वचितच पोचे. परमेश्वर पाच मुखांनी बोलतो खरा. परंतु ती पाच मुखे गावातील मोजक्या घरांतलीच असली, तर तो परमेश्वर साऱ्या गावाचा कसा व्हावा?

इंग्रजी अमलात गावाच्या हातचे पुष्कळ अधिकार गेले. महसुलाची व न्यायाची सूत्रे दूरच्या कचेऱ्यांत गेली. पाटील-कुलकर्णी गावाचे न राहता सरकारचे नोकर झाले. बांधाच्या तंट्यासाठीही लोक तालुक्याची वाट धरू लागले आणि गोतसभा ओस पडल्या. पुढे १८८२ साली लॉर्ड रिपन ह्या व्हाइसरॉयने एक ठराव प्रसिद्ध केला. स्थानिक कामे लोकांनी निवडलेल्या मंडळांकडे सोपवावीत, असे त्यात म्हटले होते. प्रारंभी कारभारात थोडी उणीव राहिली तरी चालेल, परंतु लोकांना कारभाराचे शिक्षण मिळाले पाहिजे, अशी त्यामागची दृष्टी होती. १९२० साली मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतींचा कायदा झाला. मात्र पंचायतीला अधिकार थोडे होते, आणि पैसा त्याहूनही थोडा होता.

ह्याच काळात महाराष्ट्रातील एका लहानशा संस्थानात एक धाडसी प्रयोग झाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी १९३९ साली आपण होऊन आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली. ह्या कामी त्यांनी महात्मा गांधींचा सल्ला घेतला होता, आणि त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत त्यात पुढे होते. औंधच्या नव्या राज्यघटनेचा पाया गावच्या पंचायतीवर घातला होता. गावाने पंचायत निवडावी आणि पंचायतींतून वरची मंडळे उभी राहावीत, अशी ती रचना होती. राज्य वरून खाली न येता खालून वर जावे, हा विचार येथे प्रत्यक्षात उतरला. १९४८ साली औंध संस्थान विलीन झाले. परंतु तेथे झालेल्या प्रयोगाचे महत्त्व कमी झाले नाही.

स्वतंत्र भारताची राज्यघटना तयार होत असताना गावाच्या सत्तेविषयी मोठा वाद झाला. महात्मा गांधींचे स्वप्न ग्रामस्वराज्याचे होते. प्रत्येक गावाने आपल्या गरजा ओळखाव्यात आणि आपला कारभार आपणच पाहावा, असे ते सांगत आले होते. दुसऱ्या बाजूस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत एक कठोर इशारा दिला. गाव हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे व जातीयतेचे आगर आहे, असे ते म्हणाले. ज्या गावाने माणसांना वेशीबाहेर ठेवले, पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्या गावाच्या हाती दुर्बळांचे भवितव्य कसे सोपवावे, ही चिंता त्यांच्या बोलण्यामागे होती.

वरवर पाहता ही दोन मते परस्परांविरुद्ध वाटतात. परंतु नीट विचार केला तर दोन्हींत सत्य आहे. गावाचे दुखणे गावाला जितके कळते तितके दूरच्या कचेरीला कळत नाही, हे खरे. आणि गावात जो बळकट असतो तोच गावाच्या नावाने बोलू लागतो, हेही तितकेच खरे. म्हणून गावाला सत्ता तर द्यावयाची, परंतु ती गावातील प्रत्येकाच्या हाती पोचेल अशी तजवीजही करावयाची, हे पुढील कायद्यांचे काम झाले.

घटनेच्या ४० व्या अनुच्छेदात राज्यांनी ग्रामपंचायती स्थापाव्यात असे मार्गदर्शक तत्त्व घातले गेले. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने गाव, गट व जिल्हा अशी तीन पायऱ्यांची रचना सुचवली. गावच्या पंचायतींसाठी १९५८ साली कायदा झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर वसंतराव नाईक ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९६१ साली दुसरा कायदा झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या काम करू लागल्या. तरीही देशात अनेक ठिकाणी पंचायतींच्या निवडणुका वर्षानुवर्षे होत नसत. तो दोष दूर व्हावा म्हणून घटनेत ७३ वी दुरुस्ती करण्यात आली. ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. दर ५ वर्षांनी निवडणूक, अनुसूचित जाती व जमातींसाठी राखीव जागा आणि स्त्रियांसाठी निदान एक-तृतीयांश जागा, असे तिने ठरवून दिले. महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. ज्यांना पूर्वी सभेच्या कडेलाही जागा नव्हती, ते आज सरपंचाच्या खुर्चीवर बसू शकतात. शहरांसाठीही त्याच वर्षी ७४ वी दुरुस्ती अमलात आली, आणि नगरपरिषदा व महानगरपालिका ह्यांना घटनेचा आधार मिळाला.

आज महाराष्ट्रात २७ हजारांहून अधिक ग्रामपंचायती आहेत. गावाच्या लोकसंख्येप्रमाणे पंचायतीचे ७ ते १७ सदस्य असतात. पिण्याचे पाणी, गावातील रस्ते, गटारे, दिवाबत्ती, जन्ममृत्यूची नोंद अशी कामे ती पाहते. घरपट्टी व पाणीपट्टी हे तिचे स्वतःचे उत्पन्न. शिवाय शासनाकडून अनुदान येते. पंचायतीच्या सचिवाचे काम शासनाचा सेवक पाहतो. त्याला लोक ग्रामसेवक किंवा नुसते ‘भाऊसाहेब’ म्हणत आले आहेत.

परंतु पंचायत म्हणजे गावचे स्वराज्य नव्हे. पंचायत ही त्या स्वराज्याची कारभारीण आहे. मालकीण निराळीच आहे. तिचे नाव ग्रामसभा.

ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीत ज्यांची नावे आहेत अशा सर्व स्त्री-पुरुषांची सभा. संसदेत व विधानसभेत लोकांचे प्रतिनिधी बसतात. ग्रामसभेत लोक स्वतः बसतात. आमदाराला पाच वर्षांनी एकदा मत देता येते, परंतु ग्रामसभेत मजुराला व मळेकऱ्याला, शिक्षकाला व मेंढपाळाला उभे राहून तोंडाने बोलता येते. तेथे ज्याचे त्याने बोलावे आणि ज्याचे त्याने विचारावे.

महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे वर्षातून निदान ४ ग्रामसभा भराव्या लागतात. सभा बोलावण्यात जो सरपंच कसूर करील त्याला पद गमवावे लागू शकते. गावच्या विकासाचा आराखडा ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. घरकुलासारख्या योजनेचा लाभ कोणाला द्यावयाचा, ह्याचा विचारही तेथेच व्हावयाचा असतो. नेहमीच्या सभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा भरवावी, असेही कायदा सांगतो. कारण सासरे व दीर ह्यांच्यासमोर बोलताना संकोच वाटला, तरी बायकाबायकांत मनातले बोलता येते, आणि सर्वांनी मिळून ठरवलेले म्हणणे मग मोठ्या सभेत मांडता येते.

सभा खरी ठरण्यास किती माणसे हवीत? मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, ह्यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हवीत. गावात ४०० मतदार असले तर ६० जण पुरतात. १२०० असले तर १०० जण. ही संख्या फार मोठी नाही. परंतु तेवढेही लोक जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला ही अट राहत नाही. मग जेमतेम दहा-वीस माणसे जमली तरी ठराव मंजूर होऊ शकतो. कायद्याने दार उघडे ठेवले आहे. परंतु त्या दारातून आत जाण्याचे काम कायदा करू शकत नाही. ज्या गावात लोक म्हणतात, “आपल्याला काय करायचंय? ते बघून घेतील,” त्या गावात ‘ते’ खरोखरच बघून घेतात, आणि काय बघून घेतले हे गावाला फार उशिरा कळते.

ह्याचा अर्थ एका साध्या उदाहरणाने समजेल. समजा, एका गावात पावसाळ्यापूर्वी नवे गटार बांधले गेले. सचिवांनी सभेत अहवाल वाचला : गटाराची लांबी २०० मीटर, काम पूर्ण. दोन-चार जणांनी माना डोलावल्या. तेव्हा मागे बसलेली एक म्हातारी उठली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु त्या वाटेने ती रोज ये-जा करीत असे. ती म्हणाली, “भाऊसाहेब, गटार वडापासनं माझ्या दारापर्यंत यायचं होतं न्हवं? ते तर देवळापाशीच संपलंय. माझ्या दारात अजून चिखलच हाय.” सभा हसली नाही. चौघे उठले, दोरी घेऊन गेले, आणि मोजून आले. गटार १४० मीटर भरले. राहिलेले ६० मीटर केवळ कागदावर होते. कंत्राटदाराला काम पुरे करावे लागले, आणि पावसाळ्यात म्हातारीचे दार कोरडे राहिले.

ती म्हातारी त्या दिवशी घरीच राहिली असती तर? ६० मीटर गटार कोणाच्या तरी हिशेबात कायमचे बांधलेले राहिले असते. चूक मापात झाली होती की मनात, हे सभेला ठाऊक नव्हते; ते ठाऊक असण्याची गरजही नव्हती. मोजणे एवढेच तिचे काम होते. हिशेब विचारणे म्हणजे कारभाऱ्याला चोर ठरविणे नव्हे. उलट, ज्याचा हिशेब चारचौघांत मांडला गेला त्या प्रामाणिक सरपंचावर मागाहून कोणी बोट दाखवू शकत नाही. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने तर पंचायतीची कागदपत्रे मागण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे.

सभा जागी झाली म्हणजे गावाचे रूप कसे पालटते, हे महाराष्ट्रातील काही गावांनी दाखवून दिले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, हिवरे बाजार नावाचे गाव आहे. हा अवर्षणाचा मुलूख. डोंगर उघडे पडले होते, विहिरी आटत, आणि कामासाठी लोक गाव सोडून जात. १९८९ साली पोपटराव पवार हे उच्च शिक्षण घेतलेले तरुण तेथे सरपंच झाले. पुढील वर्षांत गावाने डोंगरउतारावर चर खणले, बंधारे घातले, झाडे लावली. परंतु पाणी अडविण्यापेक्षा कठीण काम पुढेच होते. ते म्हणजे अडवलेले पाणी वाटून घेणे.

त्यासाठी हिवरे बाजारने एक रीत पाडली. पावसाळा संपला की गावात पाऊस किती पडला ह्याचे माप ग्रामसभेपुढे येते. वाणी जसा दुकानाचा ताळेबंद मांडतो तसा गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. माणसांना व जनावरांना पिण्यासाठी किती पाणी लागेल ते आधी बाजूला काढावयाचे; उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची ते मग ठरवावयाचे. पाऊस कमी झाला असेल तर जास्त पाण्याचे पीक कोणी घ्यावयाचे नाही. ऊस व केळी ह्यांसारखी फार पाणी पिणारी पिके गावाने टाळली, आणि शेतीसाठी विंधनविहिरी खणावयाच्या नाहीत असे ठरविले. हा नियम बाहेरच्या अधिकाऱ्याने लादला असता तर लोकांनी रात्रीतून विहिरी खणल्या असत्या. परंतु ज्या सभेत आपण स्वतः हात वर केला, तिचा नियम मोडताना माणसाला शेजाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहावे लागते. पवार ह्यांना २०२० साली पद्मश्री हा किताब देण्यात आला.

हिवरे बाजारला पाण्याचा प्रश्न होता. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात, मेंढा नावाच्या गावाला जंगलाचा प्रश्न होता. मेंढा हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. शेजारच्या लेखा गावाच्या नावावरून लोक त्याला ‘मेंढा-लेखा’ म्हणतात. चहूकडे बांबू, मोह, तेंदू ह्यांचे रान. गावाचे सारे जीवन त्या रानावर चालत आलेले. परंतु कायद्याने रान सरकारचे होते. त्यातील बांबूचा ठेका बाहेरच्या कारखान्यास दिला जाई, आणि ज्यांच्या दारापुढे तो बांबू वाढे ते लोक त्याच्याकडे पाहत राहत.

१९८० च्या दशकात त्या भागात मोठी धरणे होणार होती. त्यांत अनेक गावे व मोठे जंगल बुडणार होते. लोकांनी बाबा आमटे ह्यांच्यासारख्या नेत्यांबरोबर चळवळ केली, आणि ती धरणे थांबली. त्या चळवळीतून मेंढ्याचे लोक एक गोष्ट शिकून परतले : दूरचे सरकार आपले भले करील म्हणून वाट पाहत बसण्यापेक्षा आपल्या गावाचा विचार आपणच केला पाहिजे. देवाजी तोफा हे गावचे तरुण आणि मोहन हिराबाई हिरालाल हे कार्यकर्ते ह्या विचारात अग्रभागी होते. तेव्हापासून गावाने एक घोषणा धरली : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’

घोषणा देणे सोपे असते. सरकार होणे अवघड असते. मेंढ्याच्या सभेने स्वतःला दोन शिस्ती लावून घेतल्या. पहिली शिस्त अशी की, निर्णय बहुमताने घ्यावयाचा नाही, सर्वांच्या संमतीने घ्यावयाचा. एकाचेही मन मानत नसेल तर प्रश्न पुढच्या सभेपर्यंत ठेवावयाचा आणि त्याचे म्हणणे पुन्हा ऐकावयाचे. प्रत्येक घरातून निदान एक स्त्री व एक पुरुष सभेला यावा, असाही प्रघात पडला. ह्या रीतीने निर्णयाला वेळ लागतो. परंतु जो निर्णय होतो तो पाळण्यासाठी पहारा ठेवावा लागत नाही. गावात दारू नको हे अशाच चर्चेतून ठरले. जेथे घरोघर मोहाची दारू गाळण्याची रीत होती, तेथे ह्या एका प्रश्नावर सर्वांचे मन वळणे किती कठीण गेले असेल ह्याची कल्पना करावी.

दुसरी शिस्त अभ्यासाची. मेंढ्यात सभेखेरीज अभ्यासगट बसतात. अभ्यासगटात निर्णय घ्यावयाचा नसतो. केवळ समजून घ्यावयाचे असते. एखादा नवा कायदा आला तर तो वाचावयाचा, जाणत्याला विचारावयाचे, शंका काढावयाच्या. मधमाश्यांविषयीही असाच अभ्यास झाला. पोळ्यातील सर्व माश्या न मारता, केवळ मधाचा भाग काढून घेता येतो, हे लोकांनी पाहिले आणि ती रीत धरली. अज्ञानी सभा कितीही मोठी असली तरी तिला कोणीही फसवू शकतो, हे ह्या गावाने ओळखले होते.

ह्या अभ्यासाचा उपयोग लवकरच झाला. २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगत आलेल्या गावांना त्या जंगलावर सामुदायिक हक्क मागता येईल, असे त्यात होते. कायदा देशभरातील गावांसाठी होता. परंतु मेंढ्याने तो वाचला, नकाशे व पुरावे जमवले, आणि रीतसर अर्ज केला. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामुदायिक हक्क मान्य झाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढा-लेखाची गणना होते.

तरीही बांबू बाजारात नेण्यासाठी लागणारा वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती होता, आणि त्यावाचून हक्क कोरडाच राहिला असता. गावाने आपली मागणी सोडली नाही, आणि शांतताही सोडली नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यास आले, आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. त्या दिवसापासून गावच्या बांबूचा परवाना गावाची सभा लिहू लागली. बांबूच्या विक्रीतून लाखो रुपये गावात आले. मजुरी देऊन उरलेला पैसा कशावर खर्च करावयाचा, हे पुन्हा सर्वांनी बसून ठरविले.

ह्या दोन गावांची गोष्ट ऐकून काही लोक म्हणतात, “त्यांना चांगला पुढारी मिळाला, म्हणून जमले.” ह्यात अर्धे सत्य आहे. दिवा पेटवायला काडी लागते, हे खरे. परंतु काडी विझल्यावर दिवा जळत राहतो तो तेलावर. पुढारी आज आहे, उद्या नसेल. जेथे सारे गाव पुढाऱ्याच्या तोंडाकडे पाहते तेथे त्याच्यामागे अंधार होतो. जेथे पुढारी गावाला बसायला, बोलायला, मोजायला शिकवतो, तेथे त्याच्यामागेही कारभार चालतो. म्हणून गावाचा कारभार किती चांगला आहे हे सरपंचाच्या भाषणावरून ओळखू नये. सभेत शेवटी बसलेल्या माणसाला उभे राहून विचारता येते की नाही, आणि त्याला उत्तर मिळते की नाही, ह्यावरून ते ओळखावे.

मुलांना ग्रामसभेत मत नसते. ते १८ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते, आणि २१ वर्षांनंतर पंचायतीची निवडणूकही लढवता येते. परंतु सभेची सवय त्याआधीच लागते. वर्गातील सहलीचे पैसे कोठे खर्च झाले हे जो विचारतो, आणि आपल्याकडे वर्गणी असताना तिचा हिशेब न विचारताच फळ्यावर जो लिहितो, तो उद्याच्या ग्रामसभेचीच तयारी करीत असतो. दुसऱ्याचे म्हणणे न पटले तरी पुरते ऐकून घेणे, हीही त्याच शाळेतली विद्या होय.

‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी करून ठेवली. तिच्यातील पाच ह्या आकड्याचा अर्थ लावण्याचे काम मात्र त्यांनी पुढच्यांवर सोपवले. मागच्या बाकावरच्या म्हातारीचे मुख त्या पाचांत मोजले गेले, म्हणून गटार तिच्या दारापर्यंत पोचले. जितकी मुखे त्यांत मोजली जातील, तितके गावाचे स्वराज्य खरे.

स्वाध्याय

१. जुन्या गोतसभेचा कोणता गुण घेण्याजोगा आहे आणि कोणता दोष टाळण्याजोगा आहे?
२. महात्मा गांधी व डॉ. आंबेडकर ह्यांच्या मतांतील सत्य नंतरच्या कायद्यांत कसे आले ते सांगा.
३. एका गावात ६०० मतदार आहेत. ग्रामसभा भरण्यास निदान किती जण हजर हवेत? दुसऱ्या गावात ३००० मतदार असतील तर किती?
४. ‘हिशेब विचारणे म्हणजे कारभाऱ्याला चोर ठरविणे नव्हे.’ हे विधान आपल्या अनुभवातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
५. आपल्या गावात किंवा प्रभागात झालेले एक सार्वजनिक काम पाहा. त्याविषयी सभेत कोणते तीन प्रश्न विचारता येतील ते लिहा.